दुमानचा कबुलीजबाब

१

वेयसेल आगाचा नवसाचा मेंढा सकाळी मेंढवाड्यात मरून पडलेला सापडला, आणि कुरुदेरे गावातल्या झाडून सगळ्या बाप्यांना एकदम अक्कल फुटली. मेंढ्याचा गळा फाटला होता. शेजारी राखणीचा कुत्रा दुमान उभा होता आणि त्याचं थोबाड नि छाती रक्ताने माखली होती. एवढं पाहिल्यावर कुणाला आणखी काही पाहावंसं वाटलं नाही. चहाचा पहिला पेला संपायच्या आत निकाल लागलासुद्धा.

शेहरीबान मावशीला हे कळलं तेव्हा ती गच्चीवर होती. तिने तारहाना वाळत घातला होता. दह्यात आंबवलेलं हे पीठ अर्धवट सुकलं की लगेच तळहाताने चोळून त्याचा रवा करावा लागतो. वेळ चुकली की त्याचा दगड होतो, आणि मग वर्षभर त्या दगडाचं सूप प्यायचं. त्यामुळे गावचा मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, हालित खालून हाका मारायला लागला, तेव्हा तिने आधी ऐकू न आल्यासारखं केलं. साठी उलटलेल्या विधवा बाईला तेवढी सूट असते. पण हाका मारायचा थांबेल तर तो हालित कसला. शेवटी धापा टाकत तोच वर आला.

त्याचं म्हणणं असं, की नियम सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या कुत्र्याने कळपाला एकदा दात लावला, तो पुन्हा लावणारच. त्याला त्याच दिवशी, संध्याकाळच्या बांगेआधी, त्याच्या धन्याने गोळी घालायची. दुमानचा धनी म्हणजे मेंढपाळ दुर्सुन. आणि पिल्लू ज्या घरून दिलेलं असतं, त्या घरच्या माणसाने तिथे हजर राहायचं. दुमान मावशीच्या घरचा. तेव्हा चला.

त्याला मेंढा मारताना कुणी पाहिलं, असं मावशीने विचारलं.

पाहिलं कुणीच नव्हतं. पहाटेच्या नमाजानंतर दुर्सुन झऱ्यावर पाणी भरायला गेला, परत येऊन बघतो तर हे. पण पाहायची गरजच काय, असं मुख्तारला वाटत होतं, कारण कुत्र्याने स्वतः कबुली दिली होती.

"कबुली दिली," मावशी म्हणाली. "सही केली का अंगठा उठवला?"

मुख्तार दुखावला. मग मावशीने जन्मात कुत्रा पाहिला नसावा अशा थाटात त्याने तिला समजावून सांगितलं. गावाची जुनी रीत आहे. संशय आलेल्या कुत्र्याला मेलेल्या जनावरापुढे आणून उभं करायचं. निर्दोष असेल तर तो ताठ राहतो, गुन्हेगार असेल तर नजर देत नाही. वेयसेल आगाच्या घरजावयाने, इल्यासने, दुमानला पट्ट्याला धरून ओढत आणला. पोरगं धीराचं म्हणायचं, एवढ्या धुडाला हात घालायचा म्हणजे खायचं काम नाही. आणि अख्ख्या गावादेखत दुमानने मान खाली घातली, शेपूट पोटाखाली घेतलं, तोंड फिरवलं, ओठ चाटले आणि वर जांभई दिली. जांभई! मेंढा मारून त्या हरामखोराला झोप येत होती.

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. या गावात दर दुसऱ्या दारात तिच्याकडचं कुत्रं होतं. तिच्या सासूने यांच्या बापांना कुत्री दिली, तिने यांना दिली, उद्या तिची सून यांच्या पोरांना देईल, आणि तरी यांना कुत्र्याची जांभई कळायची नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि ती संन्याशाने जांभई दिली म्हणून!

तारहान्यावर चादर टाकून ती जिना उतरली. गुडघे कुरकुरत होते, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि पुढे हालित नियम सांगत चालला होता.

२

दुमानला तुतीच्या झाडाखाली बांधलं होतं. भोवती गाव जमलं होतं, पण चार हात लांबून. झाडाच्या बुंध्याशी दुर्सुन मांडीवर बंदूक घेऊन बसला होता. हा माणूस उन्हाळाभर मेंढ्यांत राहायचा, लग्न केलेलं नव्हतं, आणि वर्षात जेवढं माणसांशी बोलायचा त्याच्या दुप्पट एका महिन्यात दुमानशी बोलायचा. मावशीला पाहून तो उठला.

"मावशी, आधी जेवायला घालू का त्याला?" त्याने विचारलं. "का उपाशीच बरं असतं?"

मावशीला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की तिला राग येत असे. तिने त्याला गप बसायला सांगितलं आणि दुमानशेजारी बैठक मारली. त्याच्याकडे न बघता, कुशीला कूस लावून. थोड्या वेळाने कुत्र्याने आपलं वजन तिच्या खांद्यावर टाकलं. मग तिने त्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला.

गर्दी आणखी मागे सरली. कुत्र्याची लाळ लागली की नमाजासाठी केलेली वजू मोडते, पुन्हा सगळं धुणं आलं. म्हणून या गावात कुत्र्याच्या डोक्याला हात लावतील, पाठीला लावतील, पण तोंडाच्या वाटेला कुणी जात नाही. मावशीने बोट फिरवून हिरड्या पाहिल्या, दातांच्या फटी पाहिल्या, जीभ वर करून पाहिली. रक्ताचा थेंब नव्हता. लोकरीचा धागा नव्हता. रक्त होतं ते सगळं बाहेर, ओठांवर आणि नाकावर, भिंतीला रंग फासावा तसं. त्यातही एका गालावर ते उलट्या केसांवरून चढवलेलं होतं.

मग तिने गळ्यातला पट्टा तपासला. रात्री लांडग्यांसाठी घालतात तो, बाहेरून लोखंडी काट्यांचा. मेंढ्याच्या नरड्याला झोंबायचं तर आपला गळा त्याच्या अंगाला भिडणारच, आणि नवसाच्या मेंढ्याची लोकर तर वीतभर होती. एकाही काट्याला लोकर अडकलेली नव्हती.

तिने हे मुख्तारला दाखवलं. मुख्तारने लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, की कुत्र्याने चाटून तोंड साफ केलं असणार.

"म्हणजे आतले दात घासले, आणि नाकावरचं रक्त पुरावा म्हणून ठेवलं," मावशी म्हणाली.

मुख्तारला यात काही वावगं वाटलं नाही. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मावशीने तो नाद सोडला आणि मेंढवाडा रिकामा करायला सांगितला. एकही माणूस आत नको, भिंतीवर चढून बसलेलाही नको. कुरकुर झाली. वेयसेल आगाने काठी आपटली. पण पिल्लू देणाऱ्या घरचा शब्द आजच्या दिवशी चालतो, हाही नियमच होता, आणि मुख्तार आपल्याच नियमात अडकला.

दोरी सैल सोडून तिने दुमानला आत नेलं आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यातून मात्र बघत होती. कुत्रा थेट मेंढ्याकडे गेला. त्याने त्याचे खूर हुंगले, पोट हुंगलं, फाटलेला गळा हुंगला. शेपूट मागे सैल लोंबत होतं, जसं ते कळप रवंथ करत बसलेला असताना लोंबतं. मग वळून मेंढ्याकडे पाठ करून दरीकडे तोंड करून तो बसला. आजारी मेंढी मागे राहिली की तो असाच बसतो. कावळा उतरला तेव्हा नुसती मान वळवून त्याने त्याला उडवलं.

मुख्तारने भिंतीच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. "पश्चात्ताप झालाय त्याला," तो म्हणाला.

मावशीने मोठा श्वास घेतला. या गावाला लिहिणं-वाचणं शिकवलं, ट्रॅक्टर शिकवला, मोबाइल तर कुणी न शिकवता आला, फक्त समोर उभ्या असलेल्या जनावराकडे बघायला शिकवायचं तेवढं राहून गेलं.

"हे बघ हालित," ती शक्य तितक्या सावकाश म्हणाली. "सकाळी हा मेंढ्यापुढे भेदरला. मेंढा आत्ताही तिथेच आहे, आणि हा आरामात बसलाय. मग सकाळी होतं आणि आत्ता नाही असं तिथे काय आहे?"

मुख्तारने विचार केला. बराच केला. मग त्याचा चेहरा उतरला.

"आम्ही," तो म्हणाला.

३

सकाळी पुढच्या रांगेत कोण कोण होतं, ते मावशीने विचारून घेतलं. दुर्सुन सोडला तर तिघं होते. मेंढ्याचा मालक वेयसेल आगा, त्याचा घरजावई इल्यास, आणि जनावरांचा व्यापारी नुरी. तिने तुतीखाली लाकडी खोका मागवला, त्यावर बसली आणि दुमानची दोरी सोडून दिली. तिघांनी एकेकाने यायचं, बोलायचं, जायचं. कुत्रा मोकळा राहील. मुख्तारला हे अजिबात पसंत नव्हतं, म्हणून तो खोक्याच्या मागे उभा राहिला.

पहिला आला वेयसेल आगा. माणूस दांडगा, हातात काठी, आणि आवाज असा की शेजारच्या गावाला निरोप धाडायला फोन लागू नये. विचारलं एक की सांगायचा दहा. त्याची मुलगी एलमास, तिची कूस कितीतरी वर्षं उजवली नव्हती. शेवटी नातू झाला. त्या नातवासाठी त्याने मेंढा नवसला होता. येत्या शुक्रवारी तो कापून गावजेवण घालायचं, तर तो असा मुर्दाड होऊन पडला. मुर्दाडाचा नवस फिटत नाही. उलट पोराच्या डोक्यावर अपशकुन. त्याचा संशय दुर्सुनवरही होता, कारण कुरणावरून गेल्या आठवड्यात त्यांची बाचाबाची झाली होती. कुत्र्यासोबत मेंढपाळालाही हाकला, असं तो ओरडून सांगत होता.

मावशीचं लक्ष कुत्र्याकडे होतं. दुमानचं शेपूट पाठीवर चक्रासारखं गुंडाळलं गेलं. तोंड मिटलेलं, पाय रोवलेले, नजर आगाच्या काठीवर. काठी हलली की नजर हलायची. हा माणूस काय करेल याचा नेम नाही एवढंच तो म्हणत होता, आणि तेवढं तर गावातलं शेंबडं पोरही म्हणालं असतं.

मेंढ्याला काय खायला घालायचास, असं तिने मध्येच विचारलं. आगा म्हणाला, रोज संध्याकाळी मापाने जव. मेंढवाड्याला लागून जवाची कोठी आहे, तिथून काढून द्यायचे. ते काम इल्यासचं. घरजावयाला दुसरं काम काय असतं? आणि कोठीत काही गडबड असेल असं मावशीला सुचवायचं असेल तर तसं काही नव्हतं, सकाळी त्याने स्वतः पाहिलं होतं, कडी घट्ट लावलेली होती.

दुसरा नुरी. हा गेले दोन दिवस त्या मेंढ्याच्या मागे लागला होता, जत्रेत मिरवायला हवा म्हणून. आगाने हाकलून दिलं होतं. नुरीचं म्हणणं सरळ होतं. त्याला मेंढा जिवंत हवा होता, मेलेला घेऊन तो काय करणार? शिवाय तो रात्री मुख्तारच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपला आणि न्याहारीलाच उठला. त्याच्या घोरण्याने अख्ख्या घराला झोप लागली नाही, असं खोक्यामागून मुख्तारने कळकळीने सांगितलं.

दुमान उठून नुरीपुढे उभा राहिला. शेपूट उंच, काठीसारखं ताठ, आणि टोकाशी थोडं थोडं हलत होतं. पुढचे पाय खिळल्यासारखे.

"बघा, शेपूट हलवतोय," नुरी खुशीत म्हणाला. "जनावर माणूस ओळखतं." आणि त्याने कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला.

दुमानच्या छातीतून जातं फिरल्यासारखा आवाज आला. मावशीने नुरीची बाही धरून त्याला मागे ओढला नसता तर त्याला पुढचे सौदे डाव्या हाताने करावे लागले असते. तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं. हयात जनावरांत घालवली, आणि उंच ताठ शेपूट म्हणजे 'तिथेच थांब' हे कळत नाही? हलतं ते सगळं हसू असतं का? झेंडा पण हलतो, लढाईत. नुरी हात चोळत निघून गेला. पण त्याला कुत्रा घाबरला नव्हता, हे तिने मनात नोंदवलं. अनोळखी माणसाला अनोळखी माणसासारखं वागवलं, एवढंच.

तिसरा इल्यास. सडपातळ, हळू बोलणारा, सासऱ्याच्या घरात भिंतीला लागून चालणारा माणूस. दुमानला रोज जवाच्या पिठाचं कालवण तोच घालायचा. आजही येताना त्याने जाड भाकरीचा तुकडा आणला होता. "दुमान, ये राजा," तो म्हणाला.

आणि दुमानचं शेपूट हलायला लागलं. भराभर हलत होतं. भिंतीपलीकडून माना वर काढून बघणाऱ्यांत कुजबुज झाली. पाहा, कसा लाडात आला. सकाळपासून एकालाही असं शेपूट हलवलं नाही, अन्नदात्याला बरोबर ओळखलं. कुणाचे तरी डोळेही भरून आले.

मावशीने मात्र शेपूट हलतंय कुठे ते पाहिलं. खाली, मागच्या पायांच्या मध्ये, पोटाला चिकटून. तिने डोळे पाहिले. तोंड एकीकडे, बुबुळं दुसरीकडे, आणि कडेला पांढरी कोर दिसत होती. कुत्र्याने एक पंजा अधांतरी उचलून धरला होता. जीभ बाहेर येऊन नाकाला लागत होती आणि आत जात होती. भाकरीला त्याने तोंड लावलं नाही. मग त्याने लांबलचक जांभई दिली.

इल्यास सांगत होता, की दुर्सुनची हाक ऐकून आपल्याला जाग आली, आधीचं काही ठाऊक नाही. कुत्र्याबद्दल त्याला वाईट वाटत होतं. एका गोळीत व्हावं, हाल होऊ नयेत, असं तो दोनदा म्हणाला. मग जाता जाता वळला.

"मावशी, मेंढा पुरायचा कधी? ऊन वाढतंय."

मावशीने हातानेच त्याला जा म्हटलं. तो गेला. तो गेल्यावर दुमानने नखशिखान्त अंग झाडलं, भिजलेला कुत्रा झाडतो तसं, आणि ती पडलेली भाकरी खाल्ली.

मुख्तार खोक्यामागून पुढे आला. दोघांपुढे ताठ राहिला आणि एकावर जीव आहे, म्हणजे एकंदर काय समजायचं, असं त्याने विचारलं. मावशी गुडघ्यांवर हात देत उठली.

"माझी सुरी आणायला सांग घरून," ती म्हणाली. "मोठी."

४

ती सुरी गावात सगळ्यांना माहीत होती. आपोआप मेलेलं जनावर म्हणजे मुर्दाड. त्याचं मांस हराम, कातडं नको, हात लावायलाही नको. या गावात ते तसंच उचलून खड्ड्यात टाकतात आणि तोंड फिरवतात. त्याला सुरी लावणारी एकच बाई, आपल्या कुत्र्यांसाठी. त्यावरून तिला पाठीमागे काय काय नावं ठेवत, ते तिला पाठ होतं.

वेयसेल आगा आडवा आला. नवसाच्या मेंढ्याची विटंबना तो होऊ देणार नव्हता. मावशी म्हणाली, की नवस पहाटेच गेला, आता उरलंय ते पोट, आणि या पोटाला ऐकू आलं असतं तर या आरड्याओरड्याने तेही वैतागलं असतं. मुख्तारने आगाची समजूत काढली. त्यात बराच वेळ गेला. सावल्या लांबायला लागल्या होत्या आणि दुर्सुन पुन्हा पुन्हा सूर्याकडे बघत होता.

तिने आधी सगळ्यांना मेंढ्याच्या मानेखालचा कडबा उचलून दाखवला. वरवर लालसर झालेला, खाली सुका. जित्या मेंढ्याचा गळा फाटला तर पाट वाहतो, हे दर बकरी ईदला बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको होतं, पण तिने सांगितलं. मग तिने पोटात सुरी घातली.

वास आला तशी अर्धी गर्दी पळाली. मुख्तार भिंतीशी जाऊन ओकला. उरलेल्यांनी पाहिलं. पोटातून जव बाहेर पडत होते. फुगलेले, अख्खे, न पचलेले, पसाभर नाही, टोपलीभर. रोजच्या मापाच्या कितीतरी पट.

"मेंढा कुत्र्याने मारला नाही," मावशी म्हणाली. "जवाने मारला. रात्रभर कोठीत तोंड घालून बसला होता. पोट फुगलं, पहाटे मेला. गळा त्यानंतर फाडलाय, विळ्याने; दाताची एकही खूण नाही त्यावर."

वेयसेल आगाला हे पटेना. कोठीची कडी लावलेली होती, त्याने स्वतः पाहिलं होतं.

"सकाळी पाहिलीस ना? मेंढा कडी काढून आत गेला नसेल आणि येताना लावून आला नसेल. ती रात्री उघडी राहिली, आणि पहाटे कुणीतरी लावली. संध्याकाळी कोठी शेवटी कुणी उघडली, ते तूच सांगितलंस मघाशी."

आगाने मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. इल्यास वाड्याच्या तोंडाशी उभा होता.

पण मुख्तारला अजून एक अडचण होती. तोंड पुसत तो म्हणाला, की कुत्रा तर इल्यासवर जीव टाकतो, सगळ्यांनी आत्ता पाहिलं, शेपूट हलवत होता.

मावशीचा उरलासुरला संयम इथे संपला.

"शेपूट, शेपूट! अरे, शेपटाच्या पुढे आख्खा कुत्रा असतो, तो पण बघा कधीतरी. मार खाणारं माणूस मारणाऱ्यापुढे हसतं, ते पाहिलं नाहीत कधी? पोटात शेपूट घालून हलवत होता तो. पाया पडत होता. कालपर्यंत ज्याच्या हातचं खाल्लं, त्यानेच पहाटे येऊन त्याचं नाकाड धरलं आणि रक्तात घासलं. आणि वर तुम्ही काय केलंत? कबुली घ्यायला त्याला त्याच माणसाच्या हाती दिलंत. तो मेंढ्यापुढे नाही वाकला. ज्याने पट्टा धरला होता त्याच्यापुढे वाकला. पहाटेपासून बिचारा एकच नाव सांगतोय, आणि तुम्ही त्याला गुन्हा कबूल म्हणताय."

इल्यास दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"कडी मीच विसरलो," तो म्हणाला. "पोरगं रडत होतं, घाईत गेलो. पहाटे पाहिलं तर मेला होता. मला काही सुचलं नाही. कुत्र्याचा दात म्हटलं की कुणी कुणाला विचारत नाही, एवढंच डोक्यात आलं. माझ्याच पोराच्या नवसाचा मेंढा, मावशी. यांना तोंड कसं दाखवणार होतो?"

"खरं बोलला असतास तर चार शिव्या बसल्या असत्या," मावशी म्हणाली.

"चार?" इल्यासने विचारलं.

५

दुर्सुनने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात घातली. एक खाली पडलं आणि ते शोधायला त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं. तो तसाच बसून राहिला, तोंड झाकून. मावशीला तेवढंच हवं होतं. तिचं काम झालं होतं. गच्चीवर तारहान्याचा एव्हाना दगड झाला असणार, आणि त्याबद्दल या गावात कुणी 'माफ कर' म्हणणार नव्हतं.

पण वेयसेल आगाचं झालं नव्हतं. तो जावयाकडे चालून गेला. आवाज चढत गेला. घरात घेतला, खाऊ घातला, मुलगी दिली, आणि या नालायकाने नवस बुडवला, वर अख्ख्या गावाला मूर्ख बनवलं. इल्यास उभा होता तिथेच उभा राहिला. मान खाली, खांदे आत, नजर बाजूला कुठेतरी जमिनीवर. तो सारखा ओठ चाटत होता.

"बघा, बघा," गर्दीतून नुरी म्हणाला. "गुन्हा कसा तोंडावर दिसतोय."

मावशी निघाली होती ती थांबली. दिवसभरात तिने खूप मूर्खपणा ऐकला होता, पण हा तिला सोसवला नाही. तिने इल्यासकडे नीट पाहिलं. गुन्हा त्याने केला होताच. एका मुक्या जनावराचा जीव तो आज घ्यायला निघाला होता आणि त्याबद्दल तिला त्याची कीव करायची नव्हती. पण हे उभं राहणं काही आजचं नव्हतं. सासऱ्याच्या दारात, मशिदीत, लग्नकार्यात तिने याला कायम असाच उभा पाहिला होता. सगळं गाव त्याला नम्र म्हणायचं. तीही म्हणायची. कुत्र्यांचं सगळं कळणाऱ्या बाईला ही भीती इतकी वर्षं दिसली नाही, याचा तिला त्या क्षणी स्वतःचाच भयंकर राग आला.

आगाने काठी उचलली.

तेव्हा दुमान उठला. कुणी त्याला हाक मारली नव्हती. तो घाई न करता, वाकड्या वाटेने, जमीन हुंगत हुंगत चालत आला आणि सासरा-जावयाच्या मध्ये जाऊन आडवा उभा राहिला. इल्यासकडे, ज्याच्या भीतीने तो पहाटेपासून अर्धा झाला होता, त्याच्याकडे त्याने पाठ केली होती. आगाकडे कूस. तो गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. शेपूट सैल होतं. तोंड त्याने तिसरीकडेच वळवलं होतं आणि नुसता उभा होता.

काठी वरच राहिली. मशिदीच्या भोंग्यातून बांगेआधीची खरखर ऐकू आली.

मुख्तार हळूच मावशीशेजारी येऊन उभा राहिला. "मावशी," तो कुजबुजला, "आता काय म्हणतोय तो?"

"हे सुद्धा मीच सांगू?" मावशी म्हणाली. "वेयसेलला विचार. त्याला कळलंय."

वेयसेल आगाने कुत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीवरून पलीकडे, मान खाली घालून उभ्या असलेल्या जावयाकडे. मग त्याने काठी खाली घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.